कसोटी तिकडची, दिवस इकडचा

भारतीय संघ परदेशात कसोटी मालिका खेळायला निघाला की वाचकांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. इंग्लंडमधली मॅच आपल्याकडे रात्री किती वाजता संपते? ऑस्ट्रेलियात एका मैदानावर खेळ पहाटे पाचला आणि दुसऱ्यावर पावणेआठनंतर, असं का? आयपीएलसाठी पॅक घेतलं होतं, मग टेस्ट का दिसत नाही? पाचव्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवावी का?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. पाच कसोटींची मालिका म्हणजे पंचवीस दिवस आणि दिवसाला ९० षटकं. नोकरी, घर, प्रवास आणि झोप सांभाळून एवढं कोणालाही पाहता येत नाही. तरीही आपण ‘सगळं बघू’ म्हणून सुरुवात करतो. मग दुसऱ्या कसोटीपर्यंत डोळे चुरचुरायला लागतात आणि नेमका रंगलेला खेळ हुकतो. त्यापेक्षा हिशेब सत्रांचा ठेवा. एका कसोटीत पंधरा सत्रं असतात. त्यांतली कोणती पाहायची, कोणत्या सत्रांत फक्त स्कोअरवर लक्ष ठेवायचं आणि कोणती सोडून द्यायची, हे आधी ठरवा. एवढं ठरलं की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

१. आधी घड्याळ जुळवून घ्या

कसोटीचा दिवस सर्वसाधारणपणे दोन-दोन तासांच्या तीन सत्रांचा असतो. मध्ये ४० मिनिटांचा उपाहार आणि २० मिनिटांचं चहापान. म्हणजे सुरुवातीच्या वेळेत सात तास मिळवले की ठरलेला शेवट मिळतो. अलीकडच्या दौऱ्यांतल्या भारतीय वेळा अशा होत्या:

- इंग्लंड: दुपारी ३.३० ते ५.३०, संध्याकाळी ६.१० ते ८.१०, रात्री ८.३० ते १०.३०.
- ऑस्ट्रेलिया, मेलबर्न आणि सिडनी: पहाटे ५ ते ७, सकाळी ७.४० ते ९.४०, १० ते दुपारी १२.
- ऑस्ट्रेलिया, ब्रिस्बेन: पहाटे ५.५० पासून दुपारी १२.५० पर्यंत.
- ऑस्ट्रेलिया, पर्थ: सकाळी ७.५० पासून दुपारी २.५० पर्यंत.
- ॲडलेडची दिवस-रात्र कसोटी: सकाळी ९.३० पासून दुपारी साडेचारच्या सुमारापर्यंत.
- दक्षिण आफ्रिका: दुपारी १.३० किंवा २ पासून रात्री ८.३० किंवा ९ पर्यंत.
- वेस्ट इंडिज (२०२३ च्या दौऱ्यात): संध्याकाळी ७.३० पासून मध्यरात्रीनंतर २.३० पर्यंत.
- न्यूझीलंड (२०२० च्या दौऱ्यात): पहाटे ४ पासून सकाळी ११ पर्यंत.

ही यादी अंदाजासाठी आहे. प्रत्येक कसोटीची वेळ त्या त्या वेळापत्रकातून पडताळून घ्या, कारण त्याच देशात मैदान बदललं की वेळही बदलते. मेलबर्न, सिडनी आणि ॲडलेडला उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. ब्रिस्बेन आणि पर्थला करत नाहीत. शिवाय पर्थ देशाच्या पश्चिम टोकाला आहे. म्हणून पर्थच्या कसोटीत तुम्ही चहा-नाश्ता आटोपून टीव्हीसमोर बसता आणि महिन्याभरात तोच संघ तुम्हाला पहाटे पाचला उठवतो.

२. ‘संपण्याची वेळ’ पक्की धरू नका

रात्री साडेदहाला खेळ संपेल म्हणून पावणेअकराला झोपायचा गजर लावला आणि शेवटची चार षटकं राहून गेली, असं सर्रास होतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- दिवसाची ९० षटकं पूर्ण झाली नसतील तर खेळ अर्धा तास वाढवतात. आजकाल षटकांची गती इतकी मंद असते की हा अर्धा तास धरूनच चला. इंग्लंडमधला दिवस तुमच्यासाठी रात्री ११ ला संपतो, असंच समजा.
- शेवटचा दिवस सोडून इतर दिवशी निकाल अगदी जवळ आला असेल, तर पंच आणखी अर्धा तास देऊ शकतात.
- पावसाने वाया गेलेला वेळ पुढच्या दिवशी भरून काढतात. ऑस्ट्रेलियात त्यासाठी खेळ अर्धा तास आधी सुरू होतो. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला पहिल्या दिवशी फक्त १३.२ षटकं झाली. दुसऱ्या दिवशी खेळ आपल्या वेळेनुसार ५.५० ऐवजी ५.२० ला सुरू झाला. म्हणून पावसाचा दिवस गेला की त्या रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीची वेळ पुन्हा पाहून घ्या.

३. सत्रं कशी निवडायची?

सगळी सत्रं सारखी नसतात. वेळ मर्यादित असेल तर या क्रमाने प्राधान्य द्या:

1. पहिल्या दिवसाचं पहिलं सत्र. खेळपट्टी काय करणार आहे, हे इथे कळतं. पर्थला नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत १५० त आटोपला आणि दिवस संपताना ऑस्ट्रेलिया ७ बाद ६७ वर होता. सकाळचा पहिला तास ज्यांनी पाहिला, त्यांना दिवस कसा जाणार याची कल्पना आली होती.
2. नवा चेंडू. ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो. स्कोअरकार्डावर ७५ वं षटक दिसलं की हातातलं काम आवरायला घ्या.
3. तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचं शेवटचं सत्र. आघाडी किती, डाव कधी घोषित करायचा, हे प्रश्न इथे सुटतात.
4. चौथा डाव. यातलं कुठलंही सत्र सोडताना दोनदा विचार करा.

फॉलोऑनची शक्यता असेल तर एकच आकडा पाठ ठेवा. पाच दिवसांच्या कसोटीत पहिल्या डावात २०० किंवा त्याहून जास्त धावांची आघाडी मिळाली, तर तो देता येतो. बाकी नियमांची उजळणी मॅच पाहण्यासाठी गरजेची नाही.

सावधान: निवडलेलं सत्र निवांत जाईल आणि सोडलेल्या सत्रात भूकंप होईल, हे अधूनमधून घडणारच. जानेवारी २०२४ मध्ये केपटाउनला भारत ४ बाद १५३ वर होता आणि एकही धाव न वाढवता उरलेले सहा गडी अकरा चेंडूंत गेले. चहा गाळून आणेपर्यंत डाव संपला होता. तेव्हा हुकलेल्या सत्राची रुखरुख लावून घेऊ नका. त्यासाठी हायलाइट्स असतात.

४. मॅच दिसणार कुठे?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. मॅचचे प्रक्षेपण हक्क यजमान देशाचं क्रिकेट मंडळ विकतं. भारतीय मंडळाचा करार फक्त भारतात होणाऱ्या सामन्यांपुरता असतो आणि आयपीएलचा करार पुन्हा वेगळा. त्यामुळे घरच्या मालिकेचं चॅनेल परदेश दौऱ्यात चालेलच असं नाही. त्याच देशाचा दौराही दर वेळी त्याच चॅनेलवर नसतो. ऑस्ट्रेलियाचा २०२०-२१ चा दौरा सोनीवर होता, २०२४-२५ चा स्टार स्पोर्ट्सवर. इंग्लंडची २०२५ ची मालिका टीव्हीवर सोनी स्पोर्ट्सने दाखवली, तर मोबाइलवर ती जिओहॉटस्टारवर होती. म्हणजे टीव्ही एका कंपनीचा आणि ॲप दुसऱ्या कंपनीचं, असंही होतं.

मालिकेच्या आठवडाभर आधी ही पावलं उचला:

- टीव्हीवर कोणतं चॅनेल आणि मोबाइलवर कोणतं ॲप, हे दोन्ही वेगवेगळं तपासा.
- ते चॅनेल तुमच्या केबल किंवा डिशच्या पॅकमध्ये आहे का ते पाहा. नसेल तर फक्त तेवढं चॅनेल मागा. ट्रायच्या नियमांनुसार सशुल्क चॅनेल एकेकटं घेण्याचा पर्याय तुम्हाला द्यावाच लागतो. ‘पूर्ण स्पोर्ट्स पॅकच घ्यावं लागेल’ असं कोणी सांगितलं, तर ते मान्य करू नका.
- त्याच चॅनेलची हिंदी आणि इंग्रजी कॉमेंट्रीची चॅनेलं वेगवेगळी असतात. पैसे एकाचेच भरा.
- मालिका सहा आठवड्यांची असेल तर वर्षाचं पॅक घेण्याआधी महिन्याच्या पॅकचा हिशेब करा. पुढचा दौरा दुसऱ्याच कंपनीकडे असू शकतो.

दूरदर्शनवर फुकट दिसेल का? २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचं प्रक्षेपण खासगी कंपन्यांना प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण क्रिकेटमध्ये हे आपोआप लागू होतं ते भारताच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांना. कसोटींपैकी सरकार ज्यांना विशेष महत्त्वाच्या ठरवेल तेवढ्याच त्यात येतात. शिवाय असं प्रक्षेपण डीडी फ्री डिश आणि अँटेनापुरतंच द्यायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. म्हणून गावाकडे फ्री डिशवर मॅच दिसते आणि शहरात केबलवर दूरदर्शन लावलं तर दुसराच कार्यक्रम चालू असतो. त्यात तुमच्या केबलवाल्याचा दोष नाही.

५. पैसे भरल्यानंतरचे तुमचे हक्क

मालिका संपते, पण ॲपचे पैसे खात्यातून जातच राहतात, ही तक्रार नेहमीची आहे. पैसे भरतानाच पुढील गोष्टी पाहा:

- ‘ऑटो-पे’ चालू झालं आहे का? यूपीआयने भरलं असेल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटो-पेची यादी दिसते. तिथून ते थांबवता किंवा रद्द करता येतं. त्यासाठी त्या कंपनीची परवानगी लागत नाही.
- रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना मिळाली पाहिजे. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.
- सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं मुद्दाम अवघड करून ठेवणं, ही ग्राहकाची फसवणूक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा ‘सापळ्यां’ना मनाई केली आहे.
- चॅनेलचे पैसे घेतले पण ते दिसत नाही, अशी अडचण असेल तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे जा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- तरीही काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांत तक्रारीला शुल्क लागत नाही.

पावती, पॅकचा स्क्रीनशॉट आणि पैसे गेल्याचा मेसेज, या तीन गोष्टी मालिका संपेपर्यंत ठेवा. बहुतेक तक्रारी पुराव्याअभावी अडतात.

६. ऑफिस आणि प्रवास

इंग्लंडच्या दौऱ्यात पहिलं सत्र ऑफिसात जातं आणि दुसरं घरी पोचण्याच्या गडबडीत. मेलबर्न-सिडनीचं दुसरं सत्र मुंबईकरांना गाठतं ते लोकलमध्ये. या वेळांसाठी व्हिडिओपेक्षा मजकुरातली चेंडू-दर-चेंडू कॉमेंट्री बरी. तिला डेटा कमी लागतो आणि बोगद्यात किंवा खंडाळ्याच्या घाटात नेटवर्क गेलं तरी परत आल्यावर मागचं सगळं वाचता येतं.

- ऑफिसच्या लॅपटॉपवर किंवा वायफायवर मॅच लावू नका. बहुतेक कंपन्यांत त्याची नोंद होते आणि नियम मोडल्याचा ठपका येतो. स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा वापरा.
- चांगल्या दर्जाचा व्हिडिओ तासाला एक जीबी किंवा त्याहून जास्त डेटा खातो. दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक चहापानापर्यंतही पुरत नाही. व्हिडिओचा दर्जा कमी करा, नाहीतर घरच्या वायफायवरच पाहा.
- मीटिंग शक्यतो उपाहाराच्या ४० मिनिटांत बसवा. इंग्लंडच्या मालिकेत हा वेळ संध्याकाळी ५.३० ते ६.१० असतो, मेलबर्न-सिडनीच्या कसोटीत सकाळी ७ ते ७.४०. डबा भरणं, आंघोळ आणि मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणं यात सहज उरकतं.
- बस-लोकलमध्ये इअरफोन वापरा. बेस्टने तर २०२३ मध्ये बसमध्ये मोठ्या आवाजात फोन लावायला मनाईच केली आहे.
- दुचाकी चालवताना स्कोअर पाहू नका. तो कळायचा तर सिग्नलपर्यंतही नाही, मुक्कामी पोचेपर्यंत थांबा.

७. पाचव्या दिवसाची रजा

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे. त्याचं उत्तर चौथ्या दिवसाचा खेळ संपल्यावरच देता येतं, त्याआधी नाही. कसोटीपूर्वीच पाचव्या दिवसाची रजा टाकणारे दोन्हीकडून फसतात. वर सांगितलेली केपटाउनची कसोटी दुसऱ्याच दिवशी, एकूण ६४२ चेंडूंत संपली. निकाल लागलेल्या कसोटींत इतकी लहान दुसरी नव्हती. उलट इंग्लंडच्या २०२५ च्या मालिकेत पाचही कसोटी पाचव्या दिवसापर्यंत गेल्या. ते पाच दिवस कसे गेले ते पाहिलं, तर रजेचं गणित समजतं:

- हेडिंग्ली, मंगळवार: इंग्लंडला ३७१ धावांचं आव्हान. निकाल शेवटच्या सत्रात, रात्री. ऑफिसहून वेळेवर घरी आलेल्यालाही शेवट दिसला. रजेची गरज नव्हती.
- एजबॅस्टन, रविवार: पावसाने खेळ दीड तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. त्या दिवशी आषाढी एकादशी होती. साबुदाण्याची खिचडी संपली तरी मैदानावर आच्छादनं होती. त्या डावात आकाशदीपने सहा गडी घेतले आणि भारत ३३६ धावांनी जिंकला.
- लॉर्ड्स, सोमवार: भारताला १९३ हव्या होत्या. उपाहाराला ८ बाद ११२. तिथून रवींद्र जडेजाने शेपटाला हाताशी धरून लढत चहापानाच्या पुढे नेली आणि भारत २२ धावांनी हरला. उपाहाराला ‘संपलं’ म्हणून टीव्ही बंद करणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं.
- ओल्ड ट्रॅफर्ड, रविवार: दिवसभर किल्ला लढवण्याचा खेळ. शेवटच्या तासाआधी बेन स्टोक्सने सामना अनिर्णित मान्य करायला हात पुढे केला, भारताने नाही म्हटलं आणि जडेजा-वॉशिंग्टन सुंदर यांची शतकं झाली.
- ओव्हल, सोमवार: इंग्लंडला ३५ धावा, भारताला चार गडी. खेळ दुपारी साडेतीनला सुरू झाला आणि तासाभराच्या आत भारत सहा धावांनी जिंकला. इथे पूर्ण रजा वाया गेली असती. दुपारनंतरची अर्धी रजा पुरली.

यावरून रजेचा निर्णय असा घ्या:

1. चौथ्या दिवसाच्या शेवटी किती गडी आणि किती धावा उरल्या आहेत ते पाहा. पाचाहून कमी गडी शिल्लक असतील तर पहिल्याच सत्राची तयारी ठेवा.
2. त्या गावाचा पावसाचा अंदाज तासवारीने पाहा, दिवसाचा नव्हे.
3. इंग्लंडमध्ये दुपारनंतरची अर्धी रजा बहुतेक वेळा पुरते. ऑस्ट्रेलियात रजेऐवजी उशिरा हजर होण्याची परवानगी मागा. पर्थ आणि ॲडलेड सोडून तिथला अर्धा-अधिक खेळ तुमच्या ऑफिसआधी झालेला असतो.
4. तरीही पूर्ण दिवस हवा असेल तर चौथ्या दिवशी रात्रीच साहेबांना कळवा. सकाळी ताप आल्याचं सांगू नका. जिंकल्यावर तुम्हीच स्टेटसला फोटो टाकता.

हक्काचं काय? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ ज्यांना लागू आहे, त्या कामगारांना वर्षाला आठ नैमित्तिक रजा मिळतात. त्या दर तिमाहीला दोन अशा जमा होतात आणि वर्षअखेर न वापरलेल्या बुडतात. ‘सीएल’ आहे म्हणजे मागेल त्या दिवशी मिळेलच असं नाही. कामाची सोय पाहून वरिष्ठ ठरवतात. पण मेलबर्नची कसोटी २६ डिसेंबरला सुरू होते आणि तोवर तुमच्या एक-दोन रजा शिल्लक असतील, तर त्या वापरायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

८. घरातला एकच टीव्ही

इंग्लंडच्या दौऱ्यात दुसरं आणि तिसरं सत्र नेमकं मराठी मालिकांच्या वेळेवर येतं. पंचवीस संध्याकाळी रिमोट तुमच्याच हातात राहील, ही अपेक्षा चुकीची आहे. आधी बोलून ठरवा:

- साडेआठपर्यंत टीव्ही आईंचा किंवा आजींचा आणि शेवटचं सत्र तुमचं, अशी वाटणी बहुतेक घरांत चालते. तोवर तुम्ही फोनवर पाहा.
- त्यांची मालिका ॲपवर नंतर पाहता येते, हे दाखवून द्या. पण ‘तुमची नंतर बघा, माझी आत्ताच हवी’ हे रोज चालणार नाही.
- ऑस्ट्रेलियाच्या पहाटेच्या खेळात आवाज बंद ठेवा किंवा इअरफोन लावा. घरात दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल तर दौऱ्याचा काळ आणि सराव परीक्षांचा काळ एकच असतो. त्याच्याशी कोणतं सत्र एकत्र पाहायचं ते ठरवा. बंदीपेक्षा ते पाळलं जातं.
- सोसायटीत पडदा लावून एकत्र पाहायचं असेल तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे लक्षात घ्या. इंग्लंडचा खेळ त्यानंतरही चालतो. दहानंतर स्पीकर बंद करा, जिंकलं तरी फटाके नकोत. हॉटेलात गिऱ्हाइकांसाठी मॅच लावायची असेल तर घरगुती सदस्यत्व चालत नाही, वेगळा परवाना लागतो.

जून ते ऑगस्टमध्ये आपल्याकडे पावसाळा असतो. जोराची सर आली की डिशचं चित्र अडकतं. कोकणात वीजही जाते. फोन आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवा आणि त्या वेळेपुरता डेटा शिल्लक राहू द्या.

९. झोपेचा हिशेब

- पहाटेच्या मालिकेत (ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड) आदल्या रात्री साडेनऊ-दहाला झोपा. पाचही दिवस उठू नका. पहिला, चौथा आणि पाचवा निवडा.
- वेस्ट इंडिजच्या मालिकेत पहिलं सत्र जेवता जेवता पाहा आणि दुसरं संपेल तेव्हा म्हणजे मध्यरात्री बाराच्या पुढे झोपा. तिसरं सत्र सकाळी हायलाइट्समध्ये. शनिवारी रात्री हवं तर सवलत घ्या.
- रात्रपाळीवाल्यांनी पाळी आणि मॅच मिळून झोप सहा तासांच्या खाली जाऊ देऊ नये. अपुऱ्या झोपेनंतर लांबचं ड्रायव्हिंग टाळा.
- मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी जेवण आणि गोळ्यांच्या वेळा मॅचप्रमाणे सरकवू नयेत. शेवटच्या दिवशी तर अजिबात नाही.

१०. निकाल आधी कळू नये म्हणून

मॅच नंतर पाहणार असाल तर स्कोअरच्या ॲपचे आणि बातम्यांचे नोटिफिकेशन बंद करा. कुटुंबाचा आणि शाळेतल्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा. ॲपवरचं थेट प्रक्षेपणही मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, कधी अर्धा मिनिट. केबलवर पाहणारे शेजारी तुमच्याआधी ओरडतात. यावर उपाय एकच: एका वेळी एकच माध्यम वापरा. व्हिडिओ पाहताना स्कोअरचं पान उघडं ठेवलं तर विकेट आधी वाचाल आणि मग पाहाल.

११. फसवणूक आणि सट्टा

- ‘फुकट लाइव्ह’ म्हणून टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंक उघडू नका. त्या बेकायदा असतात आणि ‘ॲप इन्स्टॉल करा’ म्हणणाऱ्या लिंकमागे तुमचं बँक खातं असतं. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी ते अडवण्याची शक्यता कमी.
- पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. परदेशी संकेतस्थळाने ‘आमच्याकडे चालतं’ म्हटलं तरी ते इथे कायदेशीर होत नाही. पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही, हे तर करार कायद्यात फार पूर्वीपासून आहे.
- कसोटीत अंदाज किती फसतात ते पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला शेवटच्या दिवशी चहापानाला भारत ३ बाद ११२ होता. सगळे अनिर्णित धरून बसले होते. शेवटचे सात गडी ३४ धावांत गेले.

१२. भारताबाहेरच्या मराठी वाचकांसाठी

तुमचं घड्याळ आणखी वेगळं चालतं. न्यू जर्सीत इंग्लंडची कसोटी सकाळी ६ ला सुरू होते आणि मेलबर्नची आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला. कॅलिफोर्नियात अनुक्रमे पहाटे ३ आणि दुपारी साडेतीन. दुबईत भारतीय वेळेतून दीड तास वजा करा, सिंगापुरात अडीच तास मिळवा. भारतातलं सदस्यत्व परदेशात चालत नाही. हक्क देशागणिक विकलेले असतात, तेव्हा तिथल्या कंपनीचंच पॅक घ्या. पुण्यातल्या भावाचा पासवर्ड आणि व्हीपीएन वापरला तर कंपनी खातं बंद करू शकते, आणि ते बहुधा पाचव्या दिवशीच बंद होतं.

मालिका सुरू होण्याआधीची यादी

- प्रत्येक कसोटीची भारतीय वेळ दिनदर्शिकेवर लिहिली.
- चॅनेल आणि ॲप तपासलं, फक्त हवं तेवढंच घेतलं.
- ऑटो-पे कधी कापलं जाणार त्याची तारीख नोंदवली.
- शिल्लक रजा मोजल्या, पण अजून टाकल्या नाहीत.
- घरात टीव्हीची वाटणी ठरली.
- पहिल्या कसोटीची पंधरापैकी पाच-सहा सत्रं निवडली.

शेवटची ओळ प्रत्येक कसोटीनंतर पुन्हा तपासा. मालिका १-१ असेल तर सत्रं वाढवा, ०-३ झाली असेल तर झोप वाढवा. त्यात चाहता म्हणून काही कमी पडत नाही.